घरचीच गाडी

नर्सबाईंना ओकारी झाली तेव्हा गाडी सिग्नलला उभी होती आणि त्यांचा पाय क्लचवर होता. पोटातलं वर आलं तसा पाय सुटला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि पुढच्या टेम्पोच्या बुडाला टेकता टेकता थांबली. थांबली तीही शेजारी शिकवायला बसलेल्या वहिनींनी आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबला म्हणून. स्टिअरिंगवर, गिअरच्या दांडीवर, नर्सबाईंच्या पांढऱ्या गणवेशावर सकाळचा चहा आणि ब्रेडचा लगदा पसरला होता. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. रोज दुसऱ्यांच्या ओकाऱ्या निमूट पुसणाऱ्या नर्सबाई तोंडावर हात धरून रडायला लागल्या.

"माझं पोट बरं आहे हो वहिनी," त्या म्हणाल्या. "हा वास सहन होत नाही. करपल्या तेलाचा. तुम्हाला येत नाही का?"

येत नाही कसा? वहिनींना तो झोपेतही येत होता.

या वहिनी नेमक्या कोणाच्या, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. नवऱ्याचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, म्हणून बायको वहिनी. गॅरेजातल्या माणसांकडून ते नाव गिऱ्हाइकांनी उचललं, गिऱ्हाइकांकडून त्यांच्या बायकांनी, आणि त्या बायका वहिनींकडे गाडी शिकायला यायला लागल्या. फक्त बायकांचा क्लास, एकच गाडी, आणि शिकवायला एकट्या वहिनी. नवऱ्यानं शेजारी बसून 'तुला जमायचं नाही' म्हणत जिला रडवलं असेल, ती इथं यायची आणि थोड्याच दिवसांत भरगच्च रस्त्यात बिनधास्त गाडी काढायची. वहिनींना आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं काही मिळालं असेल तर तो हा क्लास. आणि तो एका वासापायी बुडायला आला होता.

वास कसा होता हे सांगायलाही नको वाटतं, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आठवडाभर न बदललेल्या तेलात कोणी रबरी चप्पल तळावी आणि आपलं तोंड त्या कढईवर धरून ठेवावं, तसा तो वास. आधी नाकात शिरायचा, मग जिभेच्या मुळाशी जाऊन बसायचा आणि तिथून हलायचं नाव घ्यायचा नाही. पाणी प्यायलं तर पाण्याला तीच चव. डबा उघडला तर भाजीला तीच चव. वहिनी दिवसातून दोनदा केस धुवायच्या, तरी रात्री उशीवर डोकं टेकलं की आपल्याच केसांतून तो वर यायचा. आपल्याच डोक्याची किळस यावी, याहून वाईट गत ती काय.

त्यांनी काही करून पाहिलं नाही असं नाही. सीट धुतल्या, पायपुसणी उन्हात टाकली, सामान ठेवायची डिकी रिकामी करून घासली. मग आरशाला लिंबाच्या वासाची एक डबी टांगली. त्यानं एवढंच झालं की करपल्या तेलात कोणी लिंबू पिळल्यासारखं वाटायला लागलं आणि मळमळ दुप्पट झाली. डबी कचऱ्यात गेली. पाठोपाठ बायका गळायला लागल्या. एकीचं डोकं दुखायचं. एकीला अचानक पाहुणे आले. एक शाळेतल्या बाई म्हणाल्या, आता परीक्षा जवळ आल्यात. शाळा म्हटली की परीक्षा असणारच, पण गाडीतून उतरल्या उतरल्या त्या रुमालात थुंकल्या होत्या, ते वहिनींनी पाहिलं होतं. नर्सबाई तेवढ्या चिवट निघाल्या होत्या. आज त्याही रिक्षा करून गेल्या.

वहिनींनी गाडी घरामागच्या अंगणात आणली, बादली घेतली, चिंध्या घेतल्या आणि दुसऱ्याच्या पोटातलं पुसायला बसल्या. गिअरच्या दांडीभोवतीच्या रबरी घड्यांत ते शिरलं होतं. बोट घालून काढावं लागत होतं. त्यांनी श्वास कोंडून धरला, मग सुटला, मग पुन्हा कोंडला. एकदा त्यांनाच कोरडा उमासा आला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात उस्ताद जेवायला घरी आला. मोरीत जाऊन त्यानं हात धुतले. पांढऱ्या साबणावर काळे ओघळ ठेवले, टॉवेलावर दहा बोटांचे ठसे ठेवले, आणि तोच टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात डोकावला. लग्नाला एवढी वर्षं झाली पण त्या घरात एकही पांढरी वस्तू पांढरी राहिली नव्हती. फ्रिजच्या दाराला काळा अंगठा, चहाच्या कपाला काळा अंगठा, लग्नाच्या फोटोच्या काचेवरही काळा अंगठा. वहिनींनी हे सगळं आजवर खपवून घेतलं होतं. पोटाचा धंदा आहे, म्हणून.

"कोण ओकलं?" त्यानं विचारलं.

"नर्सबाई. तेलाच्या वासानं. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं."

"मीही तुला किती वेळा सांगितलं. गाडीखाली पुठ्ठा टाकून बघितला की नाही? एक थेंब होता का त्यावर? तेल गळत असतं तर खाली नको पडायला? वास गाडीत नाही. तुझ्या नाकात आहे."

वहिनींचं नाक मुळात जरा लांबच. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, ही स्वयंपाकघरात यायच्या आधी हिचं नाक येतं. त्या नाकाची थट्टा त्या घरात इतकी जुनी झाली होती की त्या नाकाला खरोखरच काही कळत असेल, हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. उस्तादाचं स्वतःचं नाक तर कधीच कामातून गेलेलं. दिवसभर जो तेलात बुडालेला, त्याला तेलाचा वास यायचा कुठून?

"नर्सबाईंच्या पण नाकात आहे का?" वहिनी म्हणाल्या.

"तू सारखं वास वास करतेस, मग त्यांनाही यायला लागतो." तो आत वळला. "बघू सावकाश. घरचीच गाडी आहे, कुठं पळून चाललीय. आणि नाहीतर बंद करून टाक ना क्लास. एवढी दगदग करायला सांगितलंय कोणी?"

वहिनींच्या हातात ओली चिंधी होती. ती त्यांनी बादलीत टाकली. घाण पाणी उडून त्यांच्याच पायावर पडलं.

घरचीच. हा एक शब्द त्या घरात राज्य करत होता. गिऱ्हाइकाच्या गाडीला नवे ब्रेक पडले की तिचे उतरवलेले ब्रेक घरच्या गाडीला, कारण ती घरचीच. गॅरेजात पाहुण्यांना नवे कप, टवका उडालेले घरी, कारण पिणारी घरचीच माणसं. गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी देतो म्हटलं की उस्ताद जेवणावर पाणी सोडून ती द्यायचा. स्वयंपाकघरातला पंखा मात्र पाती काढून कपाटावर ठेवलेला, तो कधी लागायचा कोणास ठाऊक. लोक म्हणायचे, उस्तादासारखा माणूस नाही. खरंच होतं ते. लोकांसाठी तो तसाच होता. बॉनेटखाली त्याच्याशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नाही, हाही त्याचाच नियम, आणि हात लावायला त्याला सवड नाही, हेही त्याचंच उत्तर. वहिनींना एकाएकी त्या शब्दाचीच शिसारी आली. करपल्या तेलाहून जास्त.

त्या रात्री त्यांनी भांडण केलं नाही. भांडून काय होतं ते त्यांना पाठ होतं. नुसतं ठरवलं, की उद्या आपण घरच्या राहायचं नाही.

सकाळी गॅरेज उघडलं तशी वहिनींनी गाडी नेली आणि मागच्या फाटकातून आत न घेता पुढच्या रांगेत, एका निळ्या गाडीच्या मागे लावली. निळी गाडी दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टर गिऱ्हाइकांच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली.

उस्ताद हात पुसत आला. गिऱ्हाइकांसमोर हात पुसायला त्याच्याकडे वेगळं लाल फडकं होतं, स्वच्छ. "इथं कशाला आणलीस?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "घरी बघतो म्हटलं ना."

"घरी नको," वहिनी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. माझा नंबर डॉक्टरांनंतर. मी थांबते."

"चेष्टा आहे का ही?"

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात का तुमच्याकडे?"

डॉक्टरांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांचा निम्मा जन्म लोकांचे जबडे उघडून बघण्यात गेला होता, त्यामुळे कुठं काही दुखतंय हे त्यांना लगेच कळायचं. "मला अजिबात घाई नाही," ते म्हणाले. "आधी बाईंचं बघा. मी मजेत आहे."

आता उस्तादाची पंचाईत झाली. गिऱ्हाइकासमोर आवाज चढवायचा नाही, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही, हे त्याचेच दंडक, आणि सगळं गॅरेज कान टवकारून बसलेलं. त्यानं घसा खाकरला, आजूबाजूला पाहिलं आणि दात आवळून म्हणाला, "बोला मॅडम. काय तक्रार आहे?"

"गाडीत करपल्या तेलाचा वास येतो."

"कधी येतो? गाडी पळत असताना का उभी असताना?"

सवयीनं आला तो प्रश्न. कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यानं हाच विचारला असता. वहिनींना मात्र एवढ्या दिवसांत तो कोणी विचारलाच नव्हता.

"उभी असताना," त्या म्हणाल्या. "पळताना जवळजवळ नाहीच. लांबून चालवून आणली आणि सिग्नलला थांबलं की एकदम भपकारा येतो."

"सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर?"

"नाही. इंजिन तापलं की मगच."

"ब्लोअर चालू असतो?"

"असतो. बंद केला की कमी होतो. आणि बाहेरची हवा घ्यायचं ते बटण आहे ना, ते आतल्या हवेवर केलं तर येतच नाही. पण मग काचांवर वाफ धरते, शिकणारीला समोरचं दिसत नाही."

उस्तादाच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू बदलल्या. आधी त्या रागाच्या होत्या, आता त्या विचाराच्या झाल्या. "मग वास आत तयार होत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "बाहेरून ओढला जातोय. काचेखालच्या जाळीतून. म्हणजे बॉनेटमध्ये काहीतरी जळतंय." तो वळला आणि वहिनींकडे नीट बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे फार बरोबर सांगितलंत. अर्धं काम इथंच झालं."

बरोबर सांगितलंत. वहिनींचं तोंड कडू झालं. हेच सगळं, याच क्रमानं त्या जेवताना बोलल्या होत्या, भांडी विसळताना बोलल्या होत्या, दिवा मालवताना बोलल्या होत्या. तेव्हा हाच माणूस पलीकडच्या कुशीवर वळून घोरत होता. वाक्यं तीच. फक्त 'तू'चं 'तुम्ही' झालं आणि त्याला ऐकू यायला लागलं.

बॉनेट उघडलं. उस्तादानं टॉर्च घेतला आणि लांब दांडीचा एक छोटा गोल आरसा इंजिनाच्या मागच्या अंगाला घातला. डॉक्टर उठून जवळ आले. "हा आमच्याकडेही असतो," ते खूश होऊन म्हणाले. "मागच्या दाढा बघायला."

"इथंही मागेच कीड आहे," उस्ताद म्हणाला. "बघा. या वरच्या झाकणाच्या मागच्या कडेनं तेल पाझरतंय. एकदम थोडं, घाम आल्यासारखं. पण बरोबर खाली एक्झॉस्टचा पाइप आहे, तापून लाल होणारा. थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच त्यावर जळून जातो. गाडी पळत असली की धूर मागे उडून जातो. उभी राहिली की वर चढतो आणि जाळीतून आत."

"म्हणून पुठ्ठ्यावर डाग पडत नाही," वहिनी म्हणाल्या.

उस्तादानं टॉर्च विझवला.

इंजिन निवेपर्यंत त्यानं निळ्या गाडीचं चाक बघितलं. मग परत येऊन झाकणाचे बोल्ट सोडले आणि ते अलगद उचललं. कडेचं रबरी पॅकिंग सुटून लोंबायला लागलं. वाळून कडक झालेलं, मध्येच चिरलेलं, आणि वरून खालून काळी पेस्ट थापलेली, ती जागोजागी फुगून शेंबडासारखी आत उतरलेली. एक्झॉस्टवर जळक्या तेलाची खपली धरली होती. आता झाकण काढल्यावर तो वास मोकळा सुटला. डॉक्टर दोन पावलं मागे सरले. वहिनींनी पदराची घडी नाकावर दाबली. एवढी घाण आपण महिनोन् महिने श्वासातून आत घेत होतो, बायकांना पैसे घेऊन आत घ्यायला लावत होतो, या विचारानं त्यांच्या अंगावर शहारा आला.

उस्तादानं ते पॅकिंग दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडात नेलं. त्याचं तोंड वाकडं झालं. "शी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या गाडीचं उतरवलेलं पॅकिंग आहे हे. मापालाही बसत नाही. बसत नाही म्हणून वर पेस्ट थापलीय. उद्या पेटली असती गाडी. मॅडम, एक सांगतो, राग मानू नका. ज्यानं हे काम केलंय ना, त्याच्या दारात पुन्हा गाडी उभी करू नका."

हे वाक्य तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. सगळेच मेकॅनिक ऐकवतात. आधी हात लावणाऱ्याला शिव्या घातल्याशिवाय कोणाच्या हाताला जोर येत नाही. पाठ झालेलं ते वाक्य तोंडातून निघून गेलं, आणि गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

हे काम कोणाचं, ते डॉक्टरांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. "कोणाकडे दिली होती हो बाई?" त्यांनी विचारलं.

"घरीच केलं होतं," वहिनी म्हणाल्या.

गॅरेजात कोणीतरी पाना खाली ठेवला, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. उस्ताद पॅकिंग हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि गुपचूप बाकावर जाऊन वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळानं त्या वर्तमानपत्रामागून आवाज आला. "माझ्या बायकोची एक दाढ गेल्या वर्षीपासून ठणकतेय. मी म्हणतो, रविवारी बघू."

मग उस्तादानं काम केलं, आणि वहिनी समोर बसून बघत राहिल्या. आजवर त्यांनी त्याला काम करताना असं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं जुनी पेस्ट लाकडी पट्टीनं खरवडली, धातूला चरा पडू नये म्हणून. कडा पुसल्या, पुन्हा पुसल्या, बोट फिरवून बघितल्या. दुकानातून नवं पॅकिंग मागवलं, खोक्यावरचा नंबर स्वतः वाचला. इंजिनाचा श्वास सोडणारी नळी तुंबली नाही ना, ती काढून फुंकून पाहिली. झाकण बसवून बोल्ट मधून सुरुवात करत आडवेतिडवे, थोडे थोडे आवळले. एक्झॉस्टवरची खपली घासून काढली. मग डॅशबोर्डच्या खालून ब्लोअरचा फिल्टर ओढला. तो मेलेल्या वटवाघळासारखा काळा आणि केसाळ निघाला. तोही नवा घातला. सगळं कसं निगुतीनं, जपून, जिव्हाळ्यानं.

बघता बघता वहिनींना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांची किळस वाढत गेली. याला हे येत नसतं तर माफ करता आलं असतं. अडाणी आहे, आळशी आहे, डोळ्यांना कमी दिसतं, काहीही चाललं असतं. पण याला सगळं येत होतं. हे हात असे चालू शकतात, हा माणूस असा कान देऊन ऐकू शकतो, हे सगळं जन्मभर घराच्या उंबऱ्याबाहेर होतं, आणि आत काय यायचं तर बोटांचे ठसे. त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांचं उतरवलेलंच अंगाला लावून घेत आलो.

"मॅडम, इंजिन तापवून, एक चक्कर मारून बघावं लागेल," उस्ताद म्हणाला. तो अजून मॅडमच म्हणत होता. थट्टा नव्हती त्यात. बहुधा आता दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"बसा," वहिनी म्हणाल्या आणि स्टिअरिंगवर बसल्या.

उस्ताद शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला. वहिनींनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली, पुलावरून पलीकडे नेली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये खेचली, इंजिन चांगलं तापवलं. राहिलेलं थोडं तेल एक्झॉस्टवर जळलं तेवढा वेळ बारीक वास आला, मग तोही गेला. परत फिरताना रंगाच्या दुकानासमोर कडेला जागा होती. वहिनींनी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, काचा वर घेतल्या, बाहेरच्या हवेचं बटण दाबलं आणि ब्लोअर मोठा केला.

खरी परीक्षा हीच होती. इथं भपकारा आला की क्लास संपला. नर्सबाई परत येणार नाहीत, शाळेतल्या बाई येणार नाहीत, आणि घरी बसून काळे अंगठे पुसायला उरलेलं आयुष्य आहेच.

"गेला का वास?" उस्तादानं विचारलं. विचारून तो खरंच वाट बघत थांबला. स्वतः त्यानं नाक वर करून पाहिलंही नाही. आपल्या नाकाला काही कळत नाही, हे त्यानं बहुधा पहिल्यांदाच मान्य केलं होतं.

वहिनींनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. लांब, पोटापर्यंत. आत येणारी हवा साधी होती. धुळीची, उन्हाची, थोडी रंगाच्या दुकानाची. जिभेच्या मुळाशी काही बसलं नाही. त्यांनी आणखी एक श्वास घेतला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"थोडा राहिलाय," त्या म्हणाल्या.

"राहिलाय?" तो पुढं वाकला. जाळीवर हात धरला, डॅशबोर्डच्या फटीला नाक लावलं, खाली पायापाशी हात घालून चाचपलं. कोणा नव्या गिऱ्हाइकाच्या गाडीत शोधावं तसा मन लावून शोधत होता. "कुठून येतोय? डावीकडून का उजवीकडून?"

"डावीकडून."

"खालून का वरून?"

"तुमच्याकडून," वहिनी म्हणाल्या. "गाडीचा गेला. म्हणून आता तुमचा येतोय. शर्टाला येतो, केसांना येतो. रोज येतो. मला तो सहन होत नाही, कधीच होत नव्हता. मी बोलले नाही, कारण बोलून ऐकणार कोण?"

उस्तादानं तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर काय काय आलं असेल ते वहिनींना पाठ होतं. तुझं नाक, तुझे चोचले, पोटाचा धंदा. त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही. त्यानं तोंड मिटलं, दाराची कडी ओढली आणि खाली उतरला. दार लावून घेतलं. मग काचेपाशी वाकून, बाहेरूनच विचारलं, "आता?"

वहिनींनी पुन्हा श्वास घेतला.

"आता गेला," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन काढून नर्सबाईंना लावला. म्हणाल्या, गाडी दुरुस्त झालीय, मी येतेच घ्यायला, पोटभर खाऊन निघालात तरी चालेल. मग पहिला गिअर टाकला आणि गाडी रस्त्याला घेतली. वळायच्या आधी त्यांनी सवयीनं आरशात पाहिलं. उस्ताद रंगाच्या दुकानासमोर होता तिथंच उभा होता, आणि आपली बाही नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगत होता.